दुर्गम भागातला पहिला माहितीपट: कॅमेरा आणि साहित्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक ते तीन जणांचा चमू, मर्यादित पैसे, मोठा भाग पायी आणि वाटेत दुरुस्तीचं दुकान नाही, असं चित्रीकरण गृहीत धरून ही उत्तरं दिली आहेत. डोंगर, वाळवंट, जंगल, बेट असं कुठलंही ठिकाण असलं, तरी हिशेब बहुतेक तोच राहतो.

सुरुवात कॅमेरा निवडण्यापासून करायची ना?

नाही. आधी एक आकडा काढा. भरवशाची वीज असलेलं शेवटचं ठिकाण सोडल्यापासून पुन्हा तशा ठिकाणी पोचेपर्यंत किती दिवस जाणार? दोन दिवस असतील तर जवळपास कुठलाही कॅमेरा चालेल, फक्त बॅटऱ्या जास्त घ्या. आठ दिवस असतील तर जास्त वीज खाणारे आणि मोठ्या फाइली बनवणारे कॅमेरे यादीतून आपोआप गळतात.

त्यानंतर वजन. चित्रीकरणाचं सामान माणशी आठ-दहा किलोच्या वर गेलं की दुपारनंतर कॅमेरा पिशवीतून बाहेर निघत नाही, कारण तो काढायचाच कंटाळा येतो. शेवटी यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे लिहा: ही तिथे बंद पडली तर काय करणार? ज्या वस्तूपुढे उत्तर सुचत नाही, तिचा जोड हवा, नाहीतर तिच्याशिवाय काम चालेल अशी आखणी हवी.

मग कॅमेऱ्यात नेमकं काय बघायचं?

चित्राचा दर्जा आज मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यातही पुरेसा असतो, त्यामुळे निवड त्यावर अडत नाही. आम्ही या गोष्टी तपासतो: दोन कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्डिंग, रेकॉर्डिंगची वेळमर्यादा नसणं, चित्रीकरण चालू असताना यूएसबी-सीवरून वीज घेता येणं, माइकची आणि हेडफोनची वेगवेगळी जागा, आणि १०-बिट ४के (४के म्हणजे सुमारे चार हजार पिक्सेल रुंद चित्र, १०-बिट म्हणजे रंगांच्या जास्त छटा). काही जुन्या स्थिर-छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यांवर २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा असते. आठवण सांगणाऱ्या आजी ऐन रंगात आलेल्या असताना तिसाव्या मिनिटाला कॅमेरा गुपचूप थांबला, तर ती आठवण पुन्हा तशी सांगितली जात नाही.

गरम हवामानात कॅमेऱ्याच्या आत पंखा असलेला बरा. पॅनासॉनिक एस५ टू आणि सोनी एफएक्स३० या दोन्हींत पंखा आहे, दोन कार्डांची सोय आहे आणि १०-बिट रेकॉर्डिंग आहे. खरेदीचा मापदंड म्हणून हे दोन नमुने डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही. ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के चित्राला उत्तम आहे, पण तो एका छोट्या बॅटरीवर जेमतेम तासभर चालतो, त्यात स्थिरीकरण नाही, सलग ऑटोफोकस नाही आणि पावसाधुळीपासून संरक्षणही नाही. वीज आणि छप्पर हाताशी असेल तिथे तो घ्या.

मिररलेस की जुन्या पद्धतीचा कॅमकॉर्डर?

मिररलेस म्हणजे आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा; कॅमकॉर्डर म्हणजे लेन्स कायमची बसवलेला व्हिडिओ कॅमेरा. कॅमकॉर्डर आता जुनाट वाटतो, म्हणून बरेच जण तो बघतही नाहीत. ही चूक आहे. एक इंची सेन्सरच्या कॅमकॉर्डरमध्ये (उदाहरणार्थ सोनी झेड९०) एनडी फिल्टर (रंग न बदलता प्रकाश कमी करणारी काच) आतच असतो, एक्सएलआर माइक (तीन पिनांच्या व्यावसायिक जोडणीचा) थेट जोडता येतो आणि लांब पल्ल्याचा झूम बसवलेलाच असतो. लेन्स बदलायचीच नसल्यामुळे सेन्सरवर धूळ बसण्याचा प्रश्नच मिटतो. तोटा अंधारात कळतो: चुलीच्या किंवा कंदिलाच्या उजेडात त्याचं चित्र लगेच दाणेदार होतं. दिवसा घडणाऱ्या, माणसांच्या मागे धावायला लावणाऱ्या विषयाला कॅमकॉर्डर. घराच्या आत, संध्याकाळी, शांतपणे घडणाऱ्या विषयाला मिररलेस.

फोनवर करता येईल का?

येईल, पण तीन अटींवर. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करणारं ॲप हवं, आवाज वेगळ्या माइकने घ्यायला हवा आणि फोन स्टँडवर लावता यायला हवा. उन्हात फोन तापतो, पडदा मंद होतो आणि कधी रेकॉर्डिंगही थांबतं. चित्रीकरणाचा फोन आणि संपर्काचा फोन एकच ठेवू नका. मुख्य कॅमेरा मेला तर दुसरा कॅमेरा म्हणून फोन उत्तम, म्हणून तेच ॲप आणि त्याच सेटिंग घरूनच लावून ठेवा.

४के, लॉग, १०-बिट, फ्रेम रेट: काय लावू?

४के, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद: मग ५० हर्ट्झच्या विजेवरच्या दिव्यांची लुकलुक चित्रात दिसत नाही. वीज ६० हर्ट्झची असलेल्या प्रदेशात २४ किंवा ३० फ्रेम आणि शटर १/६०. सौर बॅटरीवर चालणारे स्वस्त एलईडी दिवे मात्र या गणिताला जुमानत नाहीत, ते त्यांच्याच वेगाने लुकलुकतात. पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसले, तर शटर थोडं थोडं बदलून पट्टे जातील तिथे थांबवा.

लॉगमध्ये (उजेड-सावलीचे तपशील जास्त टिकवणारं फिकट रेकॉर्डिंग, ज्याचे रंग नंतर दुरुस्त करायचे असतात) रेकॉर्ड करायचं तर १०-बिटमध्येच करा. ८-बिट लॉगमध्ये रंग दुरुस्त करताना आकाशात पायऱ्या पडतात. लॉगची एक अडचण फारसं कोणी सांगत नाही. भर उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ/१६ (लेन्सच्या छिद्राचं माप), शटर १/१०० हे साधारण बरोबर एक्स्पोजर. तुम्हाला १/५० आणि एफ/४ हवं असेल, तर पाच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश कापावा लागतो, म्हणजे एनडी३२. पण बऱ्याच कॅमेऱ्यांत लॉगचं मूळ आयएसओच ८००च्या आसपास असतं. म्हणजे आणखी तीन स्टॉप, एकूण आठ, एनडी२५६. स्वस्त बदलता एनडी तेवढा फिरवला की वाइड लेन्सवर चित्राच्या मधोमध काळी फुली उमटते, ती नंतर जात नाही. त्यामुळे एनडी८ आणि एनडी६४ असे दोन स्थिर फिल्टर घ्या, गरजेला एकावर एक लावा (तीन अधिक सहा, नऊ स्टॉप). सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचे घेऊन बाकी लेन्सना स्टेप-अप रिंग लावा. कॅमेऱ्यातच एनडी असेल तर प्रश्न सुटला.

रंगकाम येत नसेल तर लॉगच्या फंदात पडू नका. साधं, कमी कॉन्ट्रास्टचं प्रोफाइल आणि नीट एक्स्पोजर यावर पहिला माहितीपट सहज उभा राहतो.

लेन्स किती आणि कुठल्या?

दोन. फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) हिशेबात एक २४-१०५ एफ/४ आणि एक ३५ एमएम एफ/१.८. एपीएस-सी (त्याहून लहान सेन्सर) असेल तर साधारण १६-७० आणि २३ किंवा २४. मायक्रो फोर थर्ड्सला (आणखी लहान सेन्सर) १२-६० आणि १७. पहिली दिवसभर कॅमेऱ्यावरच राहते, दुसरी सूर्य मावळल्यावर बाहेर येते. विषय वन्यजीवांचा असेल तरच तिसरी, लांब पल्ल्याची. ॲडॅप्टर लावून जुन्या लेन्स वापरणं घराजवळ ठीक, पण दूरच्या प्रवासात ॲडॅप्टर ढिला होतो आणि धुळीला शिरायला आणखी एक वाट मिळते.

आवाजासाठी काय लागतं?

कॅमेऱ्यावर खर्च केलेल्या रकमेच्या निदान एक तृतीयांश तरी आवाजावर जाऊ द्या, हे आमचं मत आहे. हललेलं चित्र प्रेक्षक चालवून घेतो, पण न समजणारं बोलणं ऐकायला तो थांबत नाही.

किमान संच असा: एक लहान शॉटगन माइक (मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा लांबट माइक), दोन ट्रान्समीटरचा वायरलेस लॅपल संच (कपड्याला लावायचे छोटे माइक), एक तारेचा लॅपल माइक (तो बिघडणं अवघड आणि त्याला रेडिओ लागत नाही), बंद कपांचे हेडफोन, आणि प्रत्येक माइकला केसाळ विंडशील्ड. माइकसोबत येणारी फोमची टोपी घरातल्या पंख्यापुरती. डोंगरमाथ्यावरचा वारा तिला दाद देत नाही.

आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४-बिटवर घ्या. साधं बोलणं मीटरवर उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या मध्ये राहू द्या आणि हसणं-ओरडणं उणे ६च्या वर जाऊ देऊ नका. ३२-बिट फ्लोट रेकॉर्डरमध्ये ही पातळी पुढेमागे झाली तरी नंतर सावरता येते, म्हणून एकट्याने काम करणाऱ्याला तो फार उपयोगी. मात्र माइकच्या पडद्यावरच वारा आदळला असेल किंवा माइकच फुटला असेल, तर ३२-बिटही काही करू शकत नाही.

लॅपल माइक लावूनही कपड्याची खसखस येते. का?

दोन कारणं असतात. एकतर कापड माइकच्या डोक्यावर घासतं, नाहीतर तार कापडावर घासते आणि ती थरथर वर चढते. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, छातीच्या मध्यरेषेवर लावा. वैद्यकीय चिकटपट्टीची चिकट बाजू बाहेर ठेवून दोन छोटे त्रिकोण घडी घाला, माइक त्यांच्यामध्ये धरा आणि एक बाजू आतल्या, दुसरी बाहेरच्या कापडाला चिकटवा, म्हणजे दोन्ही कापडं आणि माइक एकत्रच हलतील. मग माइकच्या चार बोटं खाली तारेचा छोटा वेढा करून तोही चिकटवा. तार ओढली गेली तर ताण वेढ्यावर येतो. खळखळणारे दागिने, कडक खळीचं कापड आणि जाड पदर यांपासून माइक दूर ठेवा. हे सगळं समोरच्या माणसाला आधी सांगून, त्याच्या परवानगीने. शक्य असेल तर त्याच्या घरातल्याच कुणाकडून लावून घ्या.

२.४ गिगाहर्ट्झच्या वायरलेस संचाला माणसाचं शरीर आड आलं की सिग्नल तुटतो. बोलणारा कॅमेऱ्याकडे पाठ करून चालणार असेल, तर ट्रान्समीटर पाठीकडे लावा. रोड वायरलेस प्रो, डीजेआय माइक २ अशा संचांत ट्रान्समीटरच्या आतच रेकॉर्डिंग होतं. ते कायम चालू ठेवा, सिग्नल तुटला तरी तो आवाज हाती असतो.

प्रत्येक जागेचा एक मिनिटभर कुणी न बोलता नुसता आवाज घ्या. संकलनात दोन वाक्यं जोडताना मधली फट त्यानेच भरली जाते.

किती बॅटऱ्या न्यायच्या?

बॅटरीवर एमएएच लिहिलेलं असलं तरी हिशेब वॉट-अवरमध्ये करा: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. सोनीची एनपी-एफझेड१०० ही ७.२ व्होल्ट, २२८० एमएएच, म्हणजे १६.४ वॉट-अवर. ४के चित्रीकरणात अशी एक बॅटरी ढोबळमानाने दीड तास देते. दिवसभर चालू-बंद, पडदा बघणं, मेनू चाळणं यातच बरीच वीज जाते, म्हणून दिवसाला चार धरा: ६५ वॉट-अवर. चार्जिंगमध्ये साधारण पाचवा हिस्सा वाया जातो, तेव्हा ८० लागतील. माइक, रेकॉर्डर आणि फोन मिळून आणखी २५-३०. लॅपटॉप असेल तर त्याच्या एका चार्जिंगला ५० ते ७०.

आता पॉवर बँक. २०,००० एमएएचचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ७४ वॉट-अवर, आणि हाती त्यातले ६० ते ६५च येतात. लॅपटॉपशिवाय एका दिवसाला दोन मोठ्या पॉवर बँक जवळजवळ रिकाम्या होतात. पाच दिवसांचा गुणाकार केला की कमी वीज खाणारा कॅमेरा आधी का निवडायचा ते कळतं.

पॉवर बँकेची एक खोड लक्षात ठेवा. लॅपल माइक फार कमी करंट ओढतो, त्यामुळे काही पॉवर बँक "काही जोडलेलंच नाही" असं समजून बंद पडतात. रात्री लावलेला माइक सकाळी रिकामाच मिळतो. कमी करंटची सोय असलेली पॉवर बँक घ्या, किंवा माइकसोबत फोनही त्याच पॉवर बँकेला लावा.

सोलर पॅनल कामाचं आहे का?

चार दिवसांच्या वर जाणार असाल तर हो. ६० वॉटचं घडीचं पॅनल स्वच्छ उन्हात, सूर्याकडे नीट वळवलेलं असताना प्रत्यक्षात ३५ ते ४० वॉट देतं. चांगल्या उन्हाचे चार तास मिळाले तर १५० वॉट-अवरच्या आसपास, ढगाळ दिवशी त्याचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. चालताना पाठीवर लटकवलेल्या पॅनलमधून फार काही येत नाही: कोन चुकलेला असतो आणि एका कोपऱ्यावर पडलेली सावलीसुद्धा पूर्ण पॅनलचं उत्पादन पाडते. तंबूपाशी एक माणूस राहणार असेल, तरच पॅनल पूर्ण वसूल होतं.

कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या थेट पॅनलला लावू नका. ढग आला की काही चार्जर थांबतात आणि ऊन परतल्यावर स्वतःहून सुरू होत नाहीत. दिवसा पॅनलवर पॉवर बँक भरा, रात्री पॉवर बँकेवर बॅटऱ्या. पॉवर बँक मात्र पॅनलच्या सावलीत ठेवा, उन्हात तापली तर ती स्वतःच चार्जिंग थांबवते.

कार्ड आणि बॅकअप कसा ठेवायचा?

१०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट रेकॉर्डिंग) तासाला ४५ जीबी लागतात. रोज तीन तास धरले तर १३५ जीबी, दहा दिवसांत सव्वा टीबीच्या वर. ४०० एमबीपीएसचा मोड लावला की हाच आकडा चौपट होतो, म्हणून तो मोड दुर्गम भागात नको. १०० एमबीपीएससाठी व्ही३० कार्ड (ही कार्डाच्या किमान लेखनवेगाची खूण) पुरतं. एका ५१२ जीबीच्या कार्डापेक्षा १२८ची चार बरी. एकात पावणेतीन तास मावतात आणि एखादं हरवलं तरी सगळं जात नाही.

रोज रात्री दोन वेगळ्या एसएसडींवर प्रत काढा. कॉपी करताना फाइली ताडून बघणारं, म्हणजे चेकसम देणारं सॉफ्टवेअर वापरा. लॅपटॉप नसेल तर यूएसबी-सी फोन आणि वीज पुरवणारा छोटा हब यावरही काम होतं. त्या वेळी फाइलींची संख्या आणि आकार जुळवा, आणि दोन-तीन फाइली सुरुवातीला, मधे आणि शेवटी चालवून बघा. १२८ जीबी कॉपी व्हायला साध्या कार्डाला पंचवीस मिनिटांच्या आसपास लागतात, म्हणजे दोन प्रतींना जवळपास एक तास. झोपेच्या वेळेतून तो तास आधीच वजा करा. दोन्ही डिस्क एकाच पिशवीत ठेवल्या, तर दोन प्रती असून नसल्यासारख्याच.

फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क नको. तिचं वाचणारं टोक हवेच्या पातळ थरावर तरंगतं आणि बहुतेक डिस्क साधारण ३,००० मीटर उंचीपर्यंतच चालवायला बनवलेल्या असतात. खालीही ती एका आपटण्यात जाते. कार्ड दोन प्रती तपासून झाल्यावरच, आणि कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. एकेक क्लिप पुसत बसू नका. भरलेलं कार्ड डबीत उलटं ठेवायचं, हा नियम सगळ्या चमूला एकच असू द्या.

ट्रायपॉड, गिंबल, ड्रोन यांपैकी काय?

ट्रायपॉड. ७५ एमएमच्या वाटीचा फ्लुइड हेड (कॅमेरा सफाईने फिरवणारं ट्रायपॉडचं डोकं) असेल तर उंचसखल जमिनीवर पाय न हलवता काही सेकंदांत पातळी साधता येते. एकूण वजन चार किलोच्या आत ठेवा आणि वाऱ्यात मधे पिशवी टांगा. पायी अंतर फार असेल तर मोनोपॉड. गिंबल (मोटरने कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) पहिल्या कामाला नको: त्याला वेगळी वीज, वेगळा तोल आणि वेगळा सराव लागतो. ड्रोनला बऱ्याच ठिकाणी नोंदणी आणि परवानगी लागते, संरक्षित जंगलात आणि सीमाभागात बहुधा बंदीच असते. विरळ हवेत तो कमी वेळ उडतो. दोन उडत्या दृश्यांसाठी एवढं ओझं वाहायचं का, हे तुम्हीच ठरवा.

धूळ, पाऊस आणि थंडी यांचं काय?

वेदर-सील्ड म्हणजे जलरोधक नव्हे. पावसासाठी कव्हर हवंच, आणि पिशवीत मोठ्या प्लास्टिकच्या दोन पिशव्या. लेन्स बदलताना कॅमेरा बंद करा, तोंड खाली ठेवा, वाऱ्याकडे पाठ करा. सेन्सरवरची धूळ हातपंपाने उडवा, तोंडाने फुंकलंत तर थुंकी बसते.

थंडीत खरा धोका आत येताना असतो. गार कॅमेरा उबदार, दमट खोलीत नेला की काचेवर आणि आतही पाणी धरतं. बाहेर असतानाच कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, कॅमेरा हवाबंद पिशवीत बंद करा आणि तो खोलीच्या तापमानाला आल्यावरच, तास-दोन तासांनी, पिशवी उघडा. बॅटऱ्या अंगाजवळच्या खिशात ठेवा. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करू नका: आत धातूचा थर जमतो आणि तिची क्षमता कायमची घटते.

दमट प्रदेशात बुरशी लागते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल एवढं पुरे. तांदूळ नको, त्याची भुकटी सगळीकडे शिरते.

विमानात आणि सीमेवर काय अडचण येते?

सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक फक्त हातातल्या सामानात, टोकांना चिकटपट्टी लावून. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण येत नाही. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि अशा दोनच सुट्या नेता येतात. त्याच्या वर नाहीच. दुसऱ्या देशात जात असाल तर सिरियल नंबरसह सामानाची यादी करा आणि एटीए कार्ने लागतं का ते बघा. तात्पुरत्या आयातीच्या या कागदावर सीमाशुल्क भरावं लागत नाही आणि तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. वायरलेस माइकच्या यूएचएफ लहरी आणि उपग्रह फोन यांचे नियम देशागणिक वेगळे असतात. काही देशांत विनापरवाना उपग्रह फोन जवळ सापडला तर अटक होते.

विकत घ्यावं, भाड्याने आणावं की वापरलेलं घ्यावं?

रोज हातात राहणारं सामान विकत घ्या: कॅमेरा, माइक, हेडफोन. क्वचित लागणारं भाड्याने: लांब लेन्स, जड ट्रायपॉड. भाड्याची सामग्री निघण्याच्या आदल्या दिवशी हातात घेऊ नका, निदान चार दिवस आधी घ्या.

वापरलेला कॅमेरा घेताना ४केमध्ये अर्धा तास सलग चालवून तापतो का बघा. झाकण लावून वाढीव आयएसओवर रेकॉर्ड करा, जळलेले पिक्सेल लगेच चमकतात. माइकची, हेडफोनची, यूएसबीची आणि एचडीएमआयची प्लग लावून हलवून बघा. लेन्समध्ये तिरका टॉर्च मारला की बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते.

निघण्यापूर्वी चाचणी कशी घ्यायची?

सगळ्या पिशव्या भरून, भिंतीतला प्लग न वापरता, सलग दोन दिवस घराजवळच चित्रीकरण करा. मुलाखत, चालता माणूस, संध्याकाळ, रात्रीची कॉपी, सकाळचं चार्जिंग, सगळं. दुसऱ्या संध्याकाळी किती बॅटऱ्या उरल्या ते मोजा आणि फुटेज संगणकावर संकलनात टाकून बघा. १०-बिट एच.२६५ (फाइल लहान करणारी पद्धत) जुन्या संगणकावर अडखळतं, तेव्हा प्रॉक्सी (संकलनापुरती हलकी प्रत) बनवावी लागेल हे आत्ताच कळलेलं बरं.

दुरुस्तीच्या छोट्या पिशवीत काय असावं?

गॅफर टेप (पूर्ण रीळ नको, पेन्सिलीवर गुंडाळून न्या), वैद्यकीय चिकटपट्टी, केबल टाय, १/४ आणि ३/८ इंची स्क्रू, ट्रायपॉडची जादा प्लेट, ॲलन की, हातपंप, लेन्स पुसायची दोन कापडं, कार्ड रीडर दोन, प्रत्येक प्रकारची एक जादा केबल आणि कायमस्वरूपी शाईचं पेन. यातली ट्रायपॉडची प्लेट सगळ्यात जास्त वेळा मागे राहते, कारण ती कॅमेऱ्याला लागलेली असते आणि कॅमेरा दुसऱ्या पिशवीत जातो. जादा प्लेट ट्रायपॉडच्या पायालाच टेपने बांधून टाका.